विल्फ रॉथवेलची वाजवणी

यातलं काहीही मी रचलेलं नाही. ज्यांना पटणार नाही त्यांनी इथंच पान उलटावं, माझी हरकत नाही.

आणि आधीच सांगते, यात मध्यरात्र नाही, स्मशान नाही. भुतं बारा वाजल्यावरच निघतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी कधी कारखान्यात घाम गाळलेला नसतो. कारखान्यातल्या माणसाची वेळ एकच. सुटायची वेळ. इंग्लंडच्या उत्तरेला, आमच्या थॉर्नशॉमध्ये, हिवाळ्यात तेव्हाच, दुपार सरता सरता, अंधारून येतं. भोंगा वाजायचा आणि रस्त्यावरचे दिवे लागायचे, दोन्ही बरोबरच.

जे झालं ते त्याच वेळेला झालं.

दर खेपेला.

आमचं घर ऑर्मरॉड कारखान्याच्या मागच्या भिंतीला लागून. स्वयंपाकघरात सिंकपुढं उभं राहिलं की खिडकीतून पत्रा खात्याची उंच वीटभिंत दिसायची. दुसरं काही दिसायचंच नाही. आई म्हणायची, मी लग्न विल्फशी केलं का या भिंतीशी, देव जाणे.

ऑर्मरॉडनं आधी घोडागाड्या केल्या. माझा पणजा त्यांची चाकं करायचा. मग ट्रामचे डबे केले. मग बसच्या बॉड्या. चासी, म्हणजे बसचा खालचा सांगाडा, दुसरीकडून यायची, नुसती. इंजिन, चाकं आणि उघड्यावर बसून थंडीनं निळा पडलेला ड्रायव्हर. आमच्या फाटकातून बाहेर पडायची ती दुमजली बस. लढाईत बस थांबवून विमानांचे पंख केले, लढाई संपली की पुन्हा बस. अर्ध्या इंग्लंडातली माणसं आम्ही शिवलेल्या गाद्यांवर बसून कामाला गेली. आम्ही बसवलेल्या काचांवर पोरांनी वाफेत बोटानं चित्रं काढली. पण बसच्या तोंडावर नाव कोणाचं? चासीवाल्याचं. आमचं नाव दाराच्या पायरीवर, बोटभर पट्टीवर. ज्याच्यावर येणारा जाणारा चिखलाचे बूट पुसायचा.

माझा बाप, विल्फ रॉथवेल, पत्रा खात्यात होता. मी, बेरिल, त्याची एकुलती एक मुलगी. मी सीट खात्यात शिवणयंत्रावर. माझ्या शेजारच्या यंत्रावर नोरा. ही नोरा लक्षात ठेवा.

आता वाजवणी म्हणजे काय ते सांगते.

कारखान्यातून माणूस कायमचा निघाला, की त्याला गुपचूप जाऊ द्यायचं नाही. तो आपल्या जागेवरून उठून फाटकाकडं चालायला लागला, की सगळ्यांनी हातात असेल ते लोखंडावर हाणायचं. हातोडे, पाने, रंगाचे रिकामे डबे. छप्पर उडेल असा आवाज. मधूनमधून टोमणे. आयुष्यभर पगार घेतलास, आता जरा काम शिक. बायकोला विचारलंस का, दिवसभर घरात ठेवून घेणार आहे का ते. माणूस फाटकाबाहेर पडेपर्यंत हात थांबवायचा नाही. आणि जाणाऱ्यानं मागं बघायचं नाही. भले दांडगे गडी त्या वाटेवरून रडत गेलेले मी बघितलेत.

सुरुवात करायचा मान पत्रा खात्यातल्या सगळ्यात जुन्या माणसाचा. तिथं ट्रामच्या काळातला रुळाचा एक तुकडा साखळीनं टांगलेला होता. त्यावर आधी तीन टोले. सावकाश. मग बाकीच्यांनी सुरू करायचं.

तो मान माझ्या बापाचा होता. कितीतरी जणांना त्यानं वाजवून पाठवलं.

बायकांना वाजवणी नव्हती. आम्हाला गुच्छ आणि चॉकलेटचा डबा. नोरा म्हणायची, "जन्मभर यांच्या बुडाखाली गाद्या शिवायच्या, आणि जाताना चॉकलेट. तोवर दात तरी उरतात का तोंडात?" पुरुष हसायचे. नोरा हसायची नाही.

मग ऑर्मरॉडच्या नातवंडांनी कारखाना लंडनच्या एका कंपनीला विकला. त्या लोकांनी आल्या आल्या चहाची मोठी किटली काढून टाकली आणि नाणं टाकायचं यंत्र बसवलं. तेव्हाच ओळखायला हवं होतं. सरकारनं गावोगावच्या बस विकायला काढल्या, नव्या बसची मागणी आटली. कंपनीला बस नको होत्या. खालची जमीन हवी होती.

आमच्याकडं उन्हाळ्यात अख्खं गाव एकाच आठवड्यात सुट्टीवर जातं. गिरण्या बंद, कारखाने बंद, पाववालासुद्धा बंद. सगळे ब्लॅकपूलला. समुद्रावर फिरायला गेलं तरी समोरून शेजारीणच येते.

त्या हरामखोरांनी नेमका तोच आठवडा निवडला.

सुट्टी संपल्यावर सोमवारी सकाळी आम्ही डबे घेऊन फाटकावर गेलो. उन्हानं नाकं सोललेली, खिशात वाळू. फाटकाला साखळी. साखळीच्या आत एक कुत्रा, आणि कुत्र्याशेजारी एक अनोळखी रखवालदार. तो आमच्याकडं बघेना.

कोणी ओरडलं, कोणी फाटकाला लाथ मारली. पर्सी ब्रिग्ज, लाकूड खात्यातला, तिथंच कट्ट्यावर बसून डबा उघडून खायला लागला. म्हणाला, फुकट कशाला घालवू.

माझा बाप पत्रा खात्याच्या छपराकडं बघत राहिला.

हत्यारं आमची स्वतःची होती. कारागीर आपली हत्यारं आपण घेतो, कारखाना देत नाही. ती आत अडकली. पुष्कळ भांडणं झाल्यावर ती पुठ्ठ्याच्या खोक्यांत भरून फाटकावर वाटली, भिकाऱ्यांना वाटतात तशी. बापाच्या खोक्यात सगळं होतं. हातोडा नव्हता.

तरी तो रोज सकाळी उठायचा. डबा भरायचा. फाटकापर्यंत जायचा, उभा राहायचा, परत यायचा. आईनं एकदाही अडवलं नाही.

नोव्हेंबरात तो गेला. दुपारी खुर्चीत बसलेला होता. मी चहा आणला. त्याचे मित्र क्लिफ काका, म्हणजे रंग खात्यातले क्लिफ हॅरॉप, समोर बसलेले. रस्त्यावरचे दिवे लागले. भोंगा अर्थातच वाजला नाही.

"एवढी माणसं," बाप म्हणाला. "एकालाही वाजवलं नाही गं, बेरिल."

मी म्हणाले, बाबा, चहा घे. निवतोय.

त्यानं घेतला नाही.

बापाला पुरलं तेव्हा क्लिफ काका माझ्या कानाशी म्हणाले, "वाजवणीविना गेला बघ. तेच त्याच्या जिवाला लागलं." मलाही तसंच वाटलं. आईलाही. सगळ्या गावाला तसंच वाटलं.

नाताळच्या आधीचे दिवस. आई सिंकपाशी बटाटे धूत होती. मी टेबलावर उशीचा अभ्रा शिवत होते. बाहेर नुकतेच दिवे लागलेले.

आणि मग...

टण्.

आईचे हात पाण्यात थांबले.

टण्...

मी सुई खाली ठेवली. तो आवाज मी दहा हजारांत ओळखला असता. रुळाचा आवाज. पत्र्यासारखा तो पसरत नाही, आतल्या आत घुमतो.

टण्...

आम्ही दोघी वाट बघत राहिलो. तीन टोल्यांनंतर सगळा कारखाना उठायला हवा. हातोडे, पाने, डबे. कान त्यासाठी आपोआप तयार होतात.

काहीच आलं नाही.

भिंत होती तशी होती. नळातून पाणी गळत होतं. आईनं पाण्यातून हात काढलेच नाहीत.

"पोरं घुसली असतील आत," मी म्हणाले.

आईनं माझ्याकडं बघितलंही नाही. "तुझा बाप कसा वाजवतो ते मला सांगू नकोस," ती म्हणाली.

मी कोट घालून फाटकावर गेले. रखवालदार चौकीत बसलेला. मी त्याच्याशी कधी बोलले नव्हते, थुंकायचीच इच्छा व्हायची. त्या दिवशी विचारलं, आत कोण आहे.

त्यानं कुत्र्याकडं बोट केलं. एवढं थोरलं जनावर, त्याच्या खुर्चीखाली घुसून बसलं होतं. "बाई, आत कोणी नाही," तो म्हणाला. "असतं तर हा असा बसला नसता."

त्यानंतर ते होतच राहिलं. रोज नाही. कधी महिनाभर काही नाही, कधी एका आठवड्यात दोनदा. दर वेळी सुटायच्या वेळेला. तीन टोले... आणि मग ती शांतता. खरं सांगते, टोल्यांची भीती वाटायची नाही. त्यानंतरचं ऐकवत नसे. एक माणूस बोलावतोय, आणि कोणीही येत नाही.

पॅनकेकच्या दिवशी, ईस्टरच्या उपासांआधी वर्षातून एकदा घरोघर धिरडी करतात त्या मंगळवारी, तर तव्यावर धिरडं उलटायच्या वेळेलाच आवाज आला. आईच्या हातून ते चुलीवर पडलं आणि जळलं. घरभर धूर. आम्ही दोघी त्या धुरात तशाच उभ्या.

क्लिफ काका एकदा चहाला आले असताना झालं. त्यांनी कप बशीत ठेवला आणि खिडकीशी जाऊन भिंतीकडं बघत राहिले. 

मग आईच बोलली. "तो दमलाय, क्लिफ. स्वतःची वाजवणी मागतोय. तुम्ही सगळे असून त्याला कोणी देत नाही. घरी येऊ द्या त्याला."

क्लिफ काका म्हणाले, देऊ.

दोन वर्षं इमारत तशीच पडून होती. मग ईस्टरनंतर पाडायचं ठरलं. पाडायचं कंत्राट क्लिफ काकांच्या भाच्याकडं. त्यानं फेब्रुवारीतल्या एका दुपारपुरतं फाटक उघडून दिलं. म्हणाला, "मामा, छप्पर डोक्यात पडलं तर मी तुम्हाला ओळखत नाही."

जे येऊ शकत होते ते आले. म्हातारे, खोकणारे, काठी टेकणारे. चर्चला जायचे कोट घातलेले, आणि कोटाच्या खिशात पाने. नोरा घरातली लोखंडी कढई घेऊन आली. कोणी तिला चॉकलेटची आठवण करून दिली नाही.

आत कबुतरांची घाण आणि ओल. सगळ्यावर बोटभर धूळ. फाटकापासून बापाच्या कामाच्या बाकापर्यंतची ती मधली वाट तेवढी ओळखू येत होती.

पत्रा खात्यात रूळ टांगलेला होता. गंजून लाल.

पण मधोमध, मुठीएवढी जागा...

चकचकीत होती.

खाली बाकावर माझ्या बापाचा हातोडा. बाकावर धूळ, हातोड्यावर नाही. क्लिफ काकांनी तो उचलला आणि लगेच माझ्या हातात दिला.  माझी बोटं दांड्याभोवती मिटली तेव्हा मला कळलं, का दिला ते.

दांडा गरम होता.

आत्ताच कोणीतरी हातातून ठेवल्यासारखा.

पहिले टोले कोणी मारायचे यावर पुरुष एकमेकांकडं बघायला लागले. आई म्हणाली, बेरिल मारेल. बाईनं कधी मारले नव्हते. कोणी हरकत घेतली नाही.

बाकीचे वाटेच्या दोन्ही बाजूंनी उभे राहिले, बाकापासून फाटकापर्यंत. बाहेर दिवे लागले.

मी मारले. एक... दोन... तीन.

मग सगळे तुटून पडले. इतकी वर्षं पोटात ठेवलेलं सगळं बाहेर आलं. क्लिफ काका रंगाचा पिंप बडवत होते आणि ओरडत होते, चल रे विल्फ, चहा निवतोय. म्हातारे रडत होते, हाणत होते. नोरा कढई अशी मारत होती की तळ फुटावा.

आणि मग माझ्या हातोड्याचा आवाज गेला.

मी मारत होते. रूळ हलत होता, हाताला हिसका बसत होता. पण आवाज... नाही. बाकीच्या सगळ्यांचा येत होता. फक्त माझा नाही.

मग माझा परत आला, आणि शेजारच्याचा गेला.

मग त्याच्या पुढच्याचा.

ती शांतता वाटेनं चालत होती. माणसाच्या चालीनं. थोडी रेंगाळत, गुडघा धरलेल्या माणसासारखी. ज्याच्यापाशी यायची त्याचा हात चालू, पाना लोखंडावर आपटतोय, आणि आवाज नाही. क्लिफ काकांपाशी ती थोडी जास्त थांबली. पिंपावर मारतायत ते, तोंड उघडं, ओरडतायत, आणि काहीही ऐकू येत नाही.

मग ती पुढं गेली. फाटकापर्यंत.

फाटकापाशी थांबली.

खूप वेळ.

आमचे हात भरून आले. पण तो बाहेर पडत नव्हता, म्हणून थांबता येत नव्हतं. फाटकाशेजारी सीट खात्यातला नॉर्मन उभा होता. तो नंतर म्हणाला, मला वाटलं की तो वळला. जाणाऱ्यानं मागं बघायचं नसतं. तो बघत होता.

आई फाटकाबाहेर उभी होती, हात पुढं करून.

मग एकाएकी छपरातली सगळी कबुतरं उडाली. इतका वेळ एवढ्या गोंगाटात एकही हललं नव्हतं. आणि नॉर्मनच्या हातोड्याचा आवाज परत आला.

आम्ही थांबलो.

त्या दिवशी आम्ही सगळ्यांनी दारू प्यायली, मटणाची पाई खाल्ली, गाणी म्हटली. आई अनेक महिन्यांनी हसली. कारखाना पाडला. टोले पुन्हा कधी आले नाहीत. दुसऱ्या वर्षी आई झोपेत शांतपणे गेली.

गोष्ट इथं संपली असती तर बरं झालं असतं.

त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात बाजारात मला पर्सी ब्रिग्जची मुलगी डोरीन भेटली. पर्सीला शेवटी ती प्रेस्टनला आपल्या घरी घेऊन गेली होती, तिथंच तो वारला. मला बातमी उशिरा कळली होती. मी म्हटलं, फार त्रास झाला का गं त्यांना.

"नाही गं," डोरीन म्हणाली. "उलट हसत गेले. पॅनकेकच्या दिवशी, दिवे लागायच्या वेळेला, मी पीठ घोळत होते. एकदम म्हणाले, ऐक, विल्फ वाजवतोय. मला वाजवतोय. उठून बसले, चालायला निघाल्यासारखे. आणि गेले."

मी पिशवी खाली ठेवली.

प्रेस्टन आमच्यापासून बसनं तासाभराच्या वाटेवर. आणि माझ्या डोळ्यांपुढं आईच्या हातून पडून जळलेलं ते धिरडं.

मग मी स्वस्थ बसले नाही. कारखाना बंद झाल्यावर गेलेल्या दोघातिघांच्या घरी गेले. चहा प्यायला गेल्यासारखी गेले, आणि विचारलं. एकाच्या बायकोनं सांगितलं, दवाखान्यात शेवटी तो खाटेखाली बूट शोधत होता, म्हणत होता, सुटायची वेळ झाली, माझं वाजतंय. दुसऱ्याच्या सुनेनं सांगितलं, बाबा रडत होते, पण आनंदानं.

कळलं ना तुम्हाला?

तो स्वतःची वाजवणी मागत नव्हता. ज्यांना कंपनीनं कुत्रा दाखवून हाकललं, त्या एकेकाला तो वाजवून पाठवत होता. एकटा. त्यानं खुर्चीत बसून स्पष्ट सांगितलं होतं, एवढी माणसं, एकालाही वाजवलं नाही. आम्ही ते त्याचं स्वतःचं दुःख समजलो. आणि ज्याचं काम अजून संपलं नव्हतं, त्याला आम्ही सगळ्यांनी मिळून, गाजावाजा करून, फाटकाबाहेर काढलं.

म्हणून तो मागं बघत होता.

कंपनीनं एकदा बाहेर काढला. दुसऱ्यांदा आम्ही.

क्लिफ काका तेव्हा दवाखान्यात होते. जन्मभर रंगाचा फवारा ओढून फुप्फुसं गेलेली. मी त्यांना सांगायला नको होतं. पण ते मला लहानपणापासून ओळखत होते, माझ्या तोंडावरून त्यांनी ओळखलं की काहीतरी आहे, आणि काढून घेतलं. ऐकून ते छताकडं बघत राहिले.

"चल रे विल्फ, चहा निवतोय," ते म्हणाले. "मीच म्हणालो ना गं ते?"

मी त्यांचा हात धरला.

ऑक्टोबर अखेरच्या एका दुपारी मी त्यांच्यापाशी बसले होते. श्वास लांब लांब पडत होता. खिडकीबाहेर दिवे लागले. त्यांनी डोळे उघडले आणि मान थोडी वर केली, कान देऊन.

"काही ऐकू येतंय का गं?"

मी ऐकलं. नर्सची चाकाची गाडी. शेजारच्या खाटेवरचा खोकला. आणखी काही नाही.

"थांबा, येईल," मी म्हणाले.

ते थांबले. ऐकत राहिले. लहान मूल शाळेच्या दाराशी थांबतं तसे.

नाही आलं.

मला सहन होईना. मी जेवणाच्या ताटातला चमचा उचलला आणि खाटेच्या लोखंडी कठड्यावर मारला. तीन वेळा, सावकाश. मग वेड्यासारखी मारत सुटले. नर्स धावत आली, शेजारचा म्हातारा शिव्या द्यायला लागला. पलीकडच्या खाटेवरचा दुसरा एक म्हातारा, तो आमच्या कारखान्यातला नव्हता, गिरणीत होता, त्याला काय कळलं कोण जाणे, त्यानं आपला पाण्याचा ग्लास कपाटावर आपटायला सुरुवात केली.

क्लिफ काकांनी माझ्याकडं बघितलं. हसायचा प्रयत्न केला.

"चमचा आहे गं तो, पोरी," ते म्हणाले.

आणि गेले.

त्यांना पुरलं त्या संध्याकाळी मी बापाचा हातोडा घेऊन निघाले. कारखान्याच्या जागी तेव्हा चिखल होता, आता मोठं दुकान आहे आणि गाड्या लावायचा तळ. पण फाटकाचा एक ओतीव लोखंडी खांब त्यांनी शोभेसाठी ठेवलाय. त्यावर मी मारले तीन टोले. तेव्हापासून आमच्यातलं कोणी गेलं की मी तिथं जाते. ट्रॉल्या ढकलणारी माणसं बघतात. दुकानाच्या पोरानं एकदा पोलिसांना बोलावलं. पोलीस बापडा म्हणाला, आजी, कशाला हे. मी म्हटलं, तुझा बाप काय करायचा? म्हणाला, बस चालवायचा. मी म्हटलं, मग गप्प उभा राहा.

पण मला बातमी कळते ती माणूस गेल्यावर. माझे टोले उशिराचे. ते कोणाला पोचतात का, मला माहीत नाही. इतक्या वर्षांत एकाच्याही घरच्यांनी सांगितलं नाही, की जाताना त्यांना काही ऐकू आलं. मी विचारते. सगळे नाही म्हणून मान हलवतात.

गेल्या वर्षी नॉर्मन गेला. आता ऑर्मरॉडमधल्या आम्ही दोघीच. मी आणि नोरा. नोरा गावाच्या दुसऱ्या टोकाला, टेकडीवर राहते. पाय गेलेत, जीभ शाबूत आहे. रोज दुपारी आमचा फोन असतो. आमच्यात ठरलंय, जी आधी जाईल तिला मागे राहिलेलीनं वाजवायचं. आणि मागे राहिलेलीला? नोरा म्हणते, तुला चॉकलेट.

हे लिहायला बसले ते गेल्या गुरुवारमुळं.

दुपारी मी स्वयंपाकघरात बसले होते. रेडिओ बंद. बाहेर नुकतेच दिवे लागले होते. घर इतकं शांत होतं, की मला घड्याळाच्या टिकटिकीचा कंटाळा आला. मग नोराचा फोन आला. टोस्ट खात होती, दाताखाली कुरुमकुरुम ऐकू येत होतं. तिच्या भाचीला शिव्या देऊन झाल्या, हवेला देऊन झाल्या.

मग म्हणाली, "तुझ्याकडं काय काम चाललंय गं? मघाशी ठोकाठोकी ऐकू येत होती. लांबून. पण चांगलं खणखणीत."

मी खिडकीबाहेर बघितलं.

"तीनदा वाजलं," नोरा म्हणाली. "मी म्हटलं, बेरिलच असणार. गावात दुसरं कोण हातोडा धरतंय आता."

मला काहीच ऐकू आलं नव्हतं.

हातोडा दाराशेजारी खिळ्याला टांगलेला असतो. फोन कानाला धरून मी उठले. तो तिथंच होता, नेहमीसारखा. मी दांड्याला हात लावला...

गरम होता.

बापाला तर आम्हीच घालवलं होतं. फाटकाबाहेर. आई हात पुढं करून उभी होती, मी बघितलंय. मग तो परत आला का? का दुसरंच कोणी आहे? मला माहीत नाही. एवढंच कळलं, की यावेळी बाईला वाजतंय. नोराला. आणि मला ऐकू येत नाहीये.

"बेरिल? आहेस का?"

"हो," मी म्हणाले. "फळी ठोकत होते. स्वयंपाकघरातली."

"मग झालं का काम?"

"अजून नाही," मी म्हणाले. "तू टोस्ट खा."

त्यानंतर रोज दुपारी मी आधी फोन करते. ती उचलते. कालही उचलला. म्हणाली, अजून ठोकतेयस वाटतं, आज तर जवळून येत होतं.

आज मी अजून फोन केलेला नाही. दिवे लागलेत.